आधी घर, मग आजार

कळंबमध्ये कुणी आजारी पडलं की घरच्यांपुढे दोन वाटा असतात. एक वीस-बावीस किलोमीटरवर यवतमाळला, श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जाते. दुसरी वर्धा नदी ओलांडून सावंगी मेघेला, नाहीतर त्याही पुढे सेवाग्रामला. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी वर्धा-कळंब रेल्वेमार्गाचं लोकार्पण झालं आणि नदीपलीकडची वाट आणखी जवळ आली. कळंबला ग्रामीण रुग्णालय आहे, १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे, गावोगाव आशाताई आणि अंगणवाडीताई आहेत. कागदावर पाहिलं तर या तालुक्याला तक्रारीला फारशी जागा उरत नाही.

तरीही डोंगरखर्डा, जोडमोहा, मेटीखेडा या बाजूच्या एखाद्या पोडावरून, म्हणजे आदिवासी वस्तीवरून, अडलेली बाई दवाखान्यात पोचते, तेव्हा कधीकधी फार उशीर झालेला असतो. का झाला, हे विचारायला तिथं कुणाला सवड नसते. केसपेपरवर ‘उशिरा आणले’ एवढी नोंद होते आणि दोष घरच्यांच्या माथी बसतो. त्या दोन शब्दांमागे काय काय दडलेलं असतं, पाहा. नवरा मजुरीसाठी परगावी गेलेला. सासूची स्वतःची सगळी बाळंतपणं घरीच झालेली, त्यामुळे कळा लांबल्या तरी तिला घाई वाटत नाही. घरातली दोन लहान लेकरं कुणाजवळ ठेवायची ते ठरत नाही. गाडीभाड्याचे पैसे अपरात्री कुणाकडे मागायचे, हा प्रश्न असतोच. आणि मागच्या खेपेला दवाखान्यात कुणीतरी चारचौघांत टाकून बोललेलं असतं. ते बोलणं तिच्या मनातून गेलेलं नसतं.

सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या दोन संशोधक बायांनी १९९४ साली मातामृत्यूंचा विचार करताना तीन विलंब सांगितले. पहिला विलंब घरात, निर्णय होईपर्यंतचा. दुसरा रस्त्यावरचा, दवाखाना गाठेपर्यंतचा. तिसरा दवाखान्यात पोचल्यावर उपचार सुरू होईपर्यंतचा. तिसऱ्या विलंबावर डॉक्टर काम करू शकतात. पहिले दोन मात्र घरात, गल्लीत, वावरात, बसथांब्यावर घडतात. आरोग्य आणि समाजकार्य यांचा पहिल्या वर्षाचा अभ्यास या दोन विलंबांपासून सुरू व्हायला हवा, असं माझं ठाम मत आहे. हे पुस्तक त्याच विचारानं तयार केलं आहे.

या जिल्ह्यात पहिल्या वर्षाच्या मुलामुलींना मी शिकवत आले आहे. कुणी एएनएम किंवा जीएनएमला आलेली असते, कुणी बीएसडब्ल्यूला, कुणी अकरावीत आरोग्यसेवा हा व्यवसाय-विषय घेतलेला असतो, कुणी नव्यानं आशा किंवा अंगणवाडी सेविका म्हणून रुजू झालेली असते. ब्रिटनमध्ये आरोग्य आणि सामाजिक सेवा हा शाळेपासून एकत्र शिकवला जाणारा विषय आहे. आपल्याकडे तो तुकड्यांत वाटला गेला. नाडी, ताप, रक्तदाब हे नर्सिंगकडे. कुटुंब, गरिबी, कायदे हे समाजकार्याकडे. वजनकाटा आणि खिचडी अंगणवाडीकडे. १९४६ साली भोर समितीनं ‘सामाजिक डॉक्टर’ घडवा असं सांगितलं होतं. वैद्यकीय विद्यार्थ्यांना प्रतिबंधक आणि सामाजिक आरोग्याचं शिक्षण द्या, हा तिचा आग्रह होता. आज त्या गोष्टीला ऐंशी वर्षं होत आली आणि अजूनही पहिल्या वर्षाची मुलगी आरोग्याची व्याख्या पाठ करून परीक्षा देते. घरात गेल्यावर आधी काय बघायचं, हे तिला कुणी शिकवत नाही.

आधी बघायचं ते घर. पाणी कुठून येतं, कोण आणतं, चूल आत आहे की बाहेर, धूर जायला वाट आहे का, संडास आहे का आणि असला तर वापरात आहे का, की त्यात लाकडं भरलेली आहेत. फवारणीचा पंप आणि औषधाचे डबे कुठं ठेवलेत. घरातलं कोण जेवायला शेवटी बसतं. सातबारा कुणाच्या नावावर आहे. यातल्या एकाही गोष्टीसाठी स्टेथोस्कोप लागत नाही. पण बाईचं हिमोग्लोबिन सात का आहे, याचं उत्तर बहुतेक वेळा याच गोष्टींत सापडतं. गरोदर बाईचं हिमोग्लोबिन अकराच्या खाली गेलं की रक्तक्षय, सातच्या खाली गेलं की तीव्र रक्तक्षय, हे आकडे तुम्ही पाठ कराल आणि करायलाच हवेत. गरोदरपणात लोहाच्या १८० गोळ्या द्यायच्या, हेही लक्षात ठेवाल. पण त्या गोळ्या घरात फडताळावर तशाच का पडून आहेत? गोळीनं शौचाला काळं होतं, मळमळतं, आणि ‘मूल मोठं होईल, मग बाळंतपण अडेल’ असं शेजारणीनं सांगितलेलं असतं. हे तुम्हाला पाकिटावर छापलेलं मिळणार नाही. ते बाईच तुम्हाला सांगेल, आणि तुमच्यावर विश्वास बसला तरच सांगेल.

विचारणं ही या अभ्यासातली सगळ्यात अवघड विद्या आहे. १९८९ साली डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांमधल्या बायांचा अभ्यास ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. तपासलेल्या बायांपैकी ९२ टक्क्यांना काही ना काही स्त्रीरोग होता. आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या बाया शंभरात जेमतेम आठ होत्या. त्या बाया दुखणं अंगावर काढत होत्या, कारण विचारणारं कुणी नव्हतं, आणि पुरुष डॉक्टरसमोर बोलायची सोय नव्हती. आपल्या भागातल्या बाया ‘अंगावरून जाते’, ‘कंबर धरते’, ‘जीव घाबरते’ एवढंच सांगून थांबतात. तिथं ‘आणखी काय होते, ताई?’ असं विचारून गप्प बसता आलं पाहिजे. गप्प बसणं फार जणींना जमत नाही. पहिल्या वर्षाची मुलगी उत्तर यायच्या आत दुसरा प्रश्न टाकते, कारण तिच्या हातातला फॉर्म भरायचा असतो. मी वर्गात फॉर्म बाजूला ठेवून अर्धा तास नुसतं ऐकायचा सराव करून घेते. ऐकलेलं नंतर लिहायचं. ज्यांना हे जमलं त्यांच्या नोंदवह्या मी जपून ठेवते.

मोजणं त्यानंतर येतं, आणि मोजण्याला कमी लेखू नका. तान्ह्या बाळाचे श्वास मोजायला एक मिनिट लागतं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला साठ किंवा अधिक असतील, दोन महिने ते वर्षाच्या आतल्या बाळाचे पन्नास किंवा अधिक, वर्ष ते पाच वर्षांच्या मुलाचे चाळीस किंवा अधिक, तर तो न्यूमोनियाचा इशारा आहे. पूर्ण मिनिट मोजायचं, पंधरा सेकंद मोजून चारनं गुणायचं नाही, कारण तान्ह्या बाळाचा श्वास एकसारखा चालत नाही. गडचिरोलीत बंग दांपत्याच्या ‘सर्च’ संस्थेनं लिहिता-वाचता न येणाऱ्या दायांसाठी एक साधं उपकरण केलं. एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटच्या लाल मण्यापर्यंत पोचलं तर बाळाला न्यूमोनिया आहे. ज्यांना आकडा लिहिता येत नव्हता, त्या बायांनी निदान केलं. पुढे गावातल्याच बायांना नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घ्यायचं शिक्षण देण्यात आलं. ३९ गावांतल्या या कामाचे निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाले. हजार जिवंत जन्मांमागे नवजात मृत्यूंचं प्रमाण ६२ होतं, ते तीन वर्षांत २५च्या आसपास आलं. आज देशभर आशाताई बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी भेट देतात, त्याचं मूळ या आपल्या विदर्भातल्या कामात आहे.

जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली काम सुरू केलं, तेव्हा त्यांनाही हाच अनुभव आला. बाहेरून आणलेली शिकलेली नर्स खेड्यात रमेना. मग गावातल्याच, पुष्कळदा दलित, कमी शिकलेल्या किंवा न शिकलेल्या बायांना त्यांनी आरोग्यसेविका केलं. त्या बायांचा शब्द गाव मानू लागलं. या अनुभवांवरून मी एकच निष्कर्ष काढते. या कामात डिग्रीआधी गाव माहीत असणं मोलाचं ठरतं, आणि कळंबच्या मुलींकडे ते भांडवल पहिल्या दिवसापासून आहे. त्यांना पोडावरची वाट माहीत असते, कुणाच्या घरी कोण लागतं ते माहीत असतं, वावरात किती वाजता गेलं की बाई भेटेल हे ठाऊक असतं. शहरातल्या विद्यार्थ्याला ते शिकायला वर्ष जातं.

आता फवारणीकडे येऊ. यवतमाळ जिल्ह्यात हा विषय शिकायचा तर फवारणी टाळून चालणार नाही. २०१७ च्या खरीप हंगामात या जिल्ह्यात कपाशीवर औषध फवारताना विषबाधा होऊन वीसहून जास्त कास्तकार आणि मजूर दगावले, शेकडो दवाखान्यात दाखल झाले. त्या वर्षी कपाशी डोक्याच्या वर गेली होती, हवा उष्ण आणि दमट होती, आणि उंच झाडांवर फवारताना औषधाचा तुषार माणसाच्याच अंगावर, डोळ्यांत, श्वासात येत होता. दोन-तीन औषधं एकत्र करून मारली जात होती. तोंडाला मास्क, हातात मोजे, पायात बूट असलेला माणूस वावरात शोधूनही सापडत नसे.

कीटकनाशकाच्या डब्यावर रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे अति जहाल, त्यानंतर पिवळा, मग निळा, आणि हिरवा सर्वांत सौम्य. तुमच्या घरात, शेजारच्या घरात कुठल्या रंगाचे डबे आहेत ते आधी बघून या. विषबाधेची खूण ओळखायला शिका. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक होतात, तोंडाला लाळ सुटते, दरदरून घाम येतो, उलट्या होतात, छाती भरून येते, अंग थरथरतं. माणसाला आधी वावरातून मोकळ्या हवेत आणायचं. भिजलेले कपडे काढायचे, अंग साबणाच्या पाण्यानं धुवायचं, धुताना स्वतःच्या हाताला ते औषध लागू द्यायचं नाही. मिठाचं पाणी पाजून उलटी करवायची नाही. १०८ ला फोन करायचा, आणि औषधाचा डबा बरोबर न्यायला सांगायचं, कारण डबा पाहिल्यावर डॉक्टरला उतारा निवडता येतो. ही एवढी माहिती गावातल्या एका मुलीला असली तरी एक जीव वाचू शकतो.

पण अभ्यास इथं थांबत नाही. मास्क कुणी विकत घ्यायचा, मजुरानं की मालकानं? रोजावर फवारणारा माणूस ‘गरमीत तोंड बांधून काम होत नाही’ म्हणतो, तेव्हा त्याला अडाणी ठरवायचं, की दुपारची फवारणी टाळून सकाळच्या गार वेळी करायचा आग्रह मालकाकडे धरायचा? औषधाच्या चिठ्ठीवरची अक्षरं एवढी बारीक का असतात? मजूर घरी आला की त्याचे कपडे धुते कोण, आणि त्या बाईच्या हातावर पुरळ का उठतो? एका डब्यापासून सुरू झालेला प्रश्न असा मजुरी, हंगाम, बाजार आणि घरातल्या बाईपर्यंत पोचतो. माझ्या मते पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यानं एवढा एकच आजार असा मुळापासून अभ्यासला, तर वर्षभर शिकलेल्या बाकीच्या प्रकरणांपेक्षा ते जास्त उपयोगी पडेल.

सिकलसेलचं तसंच आहे. विदर्भातल्या आदिवासी आणि इतर काही समाजांमध्ये हा रक्ताचा आजार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. जुलै २०२३ मध्ये केंद्र सरकारनं राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू केलं, तपासण्या वाढल्या, आणि तेव्हापासून हा शब्द पोडावरच्या मुलांच्याही तोंडी आला. त्यातलं गणित तुम्हाला घरोघर समजावून सांगावं लागेल. ज्याच्या रक्तात सिकलचं एकच जनुक आहे तो वाहक. त्याला सहसा त्रास होत नाही. नवरा-बायको दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी होण्याची शक्यता चारात एक. ‘प्रत्येक’ या शब्दावर जोर द्या. ‘एक मूल आजारी झालं, म्हणजे आता तीन चांगली होतील’ असा हिशेब लोक मांडतात. तो चुकीचा आहे. दर खेपेला शक्यता तेवढीच असते. आजारी मुलाला थंडीत, उन्हात, पाणी कमी पडल्यावर, ताप आल्यावर हाडांत असह्य वेदना होतात. असा मुलगा शाळेत वारंवार गैरहजर राहतो आणि मास्तर त्याला आळशी ठरवतात. मास्तरांशी बोलणं हेही तुमचं काम आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची अपंगत्वं मोजली आहेत, त्यांत सिकलसेल आहे. म्हणजे प्रमाणपत्र काढता येतं, सवलती मागता येतात. हे माहीत नसल्यानं कित्येक कुटुंबं हक्काच्या मदतीला मुकतात.

आणि इथंच या अभ्यासातली सगळ्यात मोठी जबाबदारी येते. समजा, तपासणीत शेजारच्या गल्लीतल्या एका मुलीचा अहवाल ‘वाहक’ असा आला. तुम्ही तो पाहिलात. घरी आल्यावर बोलता बोलता मावशीला सांगितलंत. मावशीनं ते तिच्या नणंदेला सांगितलं. कळंब एवढं मोठं गाव नाही. आठवडाभरात ते त्या मुलीला बघायला येणाऱ्या पाहुण्यांपर्यंत गेलं आणि ठरत आलेलं लग्न मोडलं. तिला काही आजार नाही, तिचा काही दोष नाही, आणि तिचं आयुष्य मात्र तुमच्या एका वाक्यानं बदललं. एचआयव्हीचा अहवाल, क्षयाचं निदान, गर्भपात, नवऱ्याची मारहाण, मनाचा आजार, यांतली प्रत्येक गोष्ट अशीच पसरते. शहरात ओळखी कमी असतात म्हणून गुपित टिकायला सोपं जातं. लहान गावात ते फक्त तुमच्या तोंडावर अवलंबून असतं. म्हणून मी पहिल्या महिन्यातच विद्यार्थ्यांना सांगते की दवाखान्यात, अंगणवाडीत, घरभेटीत जे कळलं ते आईलासुद्धा सांगायचं नाही. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी दुसरा अभ्यासक्रम निवडावा. माझं हे बोलणं कठोर वाटेल, पण त्यात मी तडजोड करत नाही.

गुपिताला एक अपवाद आहे आणि तोही शिकायला हवा. लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. तिथं गप्प बसणं गुन्हा ठरतो. अशा वेळी एकट्यानं निर्णय घेऊ नका. तुमच्या शिक्षिकेला, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना, १०९८ या बालकांच्या मदत क्रमांकावर लगेच सांगा.

यवतमाळचं नाव बाहेर निघालं की लोकांना कास्तकारांच्या आत्महत्या आठवतात. त्या विषयावर भाषणं पुष्कळ झाली, अहवालही झाले. तुम्हाला त्या घरात जायचं आहे, म्हणून तुमचा अभ्यास वेगळा हवा. सरकारी मदत एक लाख रुपये, आणि ती मिळण्यासाठी प्रकरण ‘पात्र’ ठरावं लागतं. कर्ज कुणाच्या नावावर होतं, नापिकी होती का, वसुलीचा तगादा होता का, हे तपासलं जातं. जमीन सासऱ्याच्या नावावर असेल, कर्ज नातेवाइकांकडून तोंडी घेतलेलं असेल, तर ते सिद्ध करताना बाईचे हाल होतात. त्यानंतर वारसाची फेरफार नोंद, संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज, मुलांची फी, आणि माहेर-सासर यांच्यातली ओढाताण. त्या बाईला धीर देणं म्हणजे तिच्याबरोबर तहसील कार्यालयात जाऊन रांगेत उभं राहणं. कोणता कागद कुठल्या खिडकीवर द्यायचा हे माहीत असलेली मुलगी त्या दिवशी तिच्या फार कामाला येते.

आणि ते घडायच्या आधीचं काम त्याहून महत्त्वाचं. माणूस झोपत नाही, जेवत नाही, वावरात जात नाही, पारावर बसायचा बंद झाला, ‘आता काही अर्थ नाही’ असं बोलू लागला, तर ते आळसाचं लक्षण समजू नका. त्याला थेट विचारा की जीव द्यायचे विचार मनात येतात का. असं विचारल्यानं विचार डोक्यात भरतो, ही समजूत चुकीची आहे; उलट पुष्कळांना कुणीतरी विचारल्याचं हलकं वाटतं. घरातली कीटकनाशकं त्याच्या हाती लागणार नाहीत अशी ठेवायला घरच्यांना सांगा. १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक आहे, त्यावर मराठीत बोलता येतं. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत ‘विश्राम’ नावाच्या उपक्रमात गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी हे काम केलं. त्याआधी नैराश्यानं त्रस्त असलेल्या शंभरातल्या चार-पाच जणांनीच मदत मागितली होती. दीड वर्षानं ते प्रमाण २७ टक्क्यांवर गेलं. २०१७ साली ‘लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री’मध्ये ते प्रसिद्ध झालं. ज्यांनी हे घडवून आणलं त्यांत मानसोपचारतज्ज्ञ थोडे होते, गावातली माणसं जास्त होती.

इतकं सगळं शिकल्यावर एक धोका उभा राहतो. गावात लोक तुम्हाला ‘डॉक्टरीणबाई’ म्हणू लागतात. कुणी सुई मागतं, कुणी सलाईन लावून द्या म्हणतं, कुणी मेडिकलमधून आणलेलं पाकीट दाखवून ‘हे घेऊ का?’ विचारतं. तिथं ‘हे माझ्या अखत्यारीत नाही, चला, मी तुमच्यासोबत दवाखान्यात येते’ असं म्हणता आलं पाहिजे. आपली हद्द ओळखणं हा पहिल्या वर्षाच्या शिक्षणाचा गाभा आहे. कुठल्या लक्षणाला थांबून चालेल आणि कुठल्याला आत्ता, याच घटकेला निघायला हवं, एवढं ज्याला कळलं त्यानं पहिला विलंब कमी केला.

घरापासून शिकायची ही पद्धत कुठं रुजली असेल तर ती आपल्या शेजारीच, सेवाग्रामला. महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये, डॉ. सुशीला नायर यांनी तिथं वैद्यकीय महाविद्यालय सुरू केलं. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी आधी पंधरा दिवस आश्रमात राहायचं, सूत कातायचं, श्रमदान करायचं; मग एका गावात शिबिरासाठी राहायला जायचं, वाट्याला आलेल्या कुटुंबांची पाहणी करायची आणि पुढली वर्षं त्याच कुटुंबांना भेटत राहायचं. ज्वारीच्या रूपात वर्गणी घेऊन गावकऱ्यांना रुग्णालयाचं संरक्षण देणारी योजनाही तिथंच चालली. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं आता देशभरच्या एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांना कुटुंबं दत्तक घ्यायला लावली आहेत, पण सेवाग्रामला ते काम अर्धं शतक आधी सुरू झालं होतं. डॉक्टर होणाऱ्यांसाठी जे योग्य ठरलं, ते एएनएम, अंगणवाडीताई आणि समाजकार्याच्या विद्यार्थ्यांसाठी आणखी योग्य आहे. कळंबपासून फार दूर नसलेल्या यवतमाळला सावित्री ज्योतिराव यांच्या नावानं समाजकार्य महाविद्यालय आहे. सावित्रीबाई फुले प्लेगच्या साथीत रुग्णांची सेवा करता करता १० मार्च १८९७ रोजी गेल्या. ज्या कॉलेजच्या दारावर हे नाव आहे, तिथल्या विद्यार्थ्यांना घरभेट टाळता येणार नाही.

पालकांनाही दोन शब्द सांगायचे आहेत. आरोग्यसेवेच्या नावानं गावोगाव प्रमाणपत्रांचे वर्ग निघतात आणि ‘हमखास सरकारी नोकरी’ असं सांगतात. फी भरण्याआधी अभ्यासक्रमाला महाराष्ट्र परिचर्या परिषदेची किंवा संबंधित मंडळाची मान्यता आहे का, ते कागदावर बघून घ्या. तोंडी आश्वासनावर शेत गहाण टाकू नका. आणि मुलीचं लग्न ठरलं म्हणून तिचं शिक्षण अर्ध्यावर थांबवू नका.

पैशाबद्दलही स्पष्ट बोलायला हवं. आशा योजना २००५ साली सुरू झाली. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातल्या आशांचा जागतिक सन्मान केला. पुढच्याच वर्षी महाराष्ट्रातल्या आशांना मानधनासाठी संपावर जावं लागलं. त्यांना कर्मचारी न म्हणता ‘स्वयंसेविका’ म्हटलं जातं, आणि त्या एका शब्दावर निवृत्तिवेतन, रजा सगळं अडतं. सेवेचा गौरव करून पगार टाळण्याची ही रीत अन्यायाची आहे, आणि या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येक मुलीनं ती पहिल्या वर्षीच समजून घ्यावी. दुसऱ्याच्या हक्काचे अर्ज भरून देणाऱ्यांना स्वतःचे हक्क माहीत असायला हवेत.

शिक्षकांना माझी विनंती आहे. परीक्षा जवळ आली की वेळापत्रकातून सगळ्यात आधी घरभेटीचा तास निघतो. तो काढू नका. वाटल्यास व्याख्यांचं एक प्रकरण गाळा. प्रत्येक विद्यार्थ्याला चार-पाच घरं द्या, त्यांतलं निदान एक पोडावरचं असू द्या, आणि वर्षभर तीच घरं असू द्या.

विद्यार्थ्यांनो, पुढच्या प्रकरणांत दिलेली उदाहरणं बहुतेक याच जिल्ह्याच्या जीवनातून घेतली आहेत. तरी तुमच्या गावात काही वेगळं दिसेल. एखाद्या आजाराला वेगळं नाव असेल, एखाद्या योजनेचा अर्ज वेगळ्या ठिकाणी द्यावा लागत असेल, एखादा सल्ला तुमच्या भागातल्या घरात चालणार नाही. ते नोंदवहीत लिहा आणि तुमच्या शिक्षिकेमार्फत आमच्यापर्यंत पोचवा. कुणाचंही नाव लिहू नका. पुढची आवृत्ती त्या नोंदींवरून सुधारून काढायची आहे.